बालवाडीतलं कोलाज: खळीची वाटी जरा उशिरा बाहेर काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातली बालवाडी, एका खोलीत साडेतीन ते सहा वर्षांची वीस-बावीस मुलं, शिकवायला ताई एकट्या आणि मदतीला मावशी. मोराचं नाहीतर माशाचं छापील चित्र द्यायचं आणि त्यात रंगीत कागदाचे तुकडे चिकटवायला सांगायचे, असं त्या कोलाज घेतात. मोठी मुलं दहा मिनिटांत उरकून पळतात, लहान मुलं फेव्हिकॉल हाताला फासून वाळल्यावर त्याची सालं काढत बसतात, आणि घरी द्यायच्या आधी उरलेले मोर ताईच रात्री बसून पुरे करतात. साहित्याला पैसे नाहीत, पालक विचारतात यातून पोरं शिकली काय, आणि ताई विचारतायत की नेमकं बदलू काय.

ताई, पहिलं म्हणजे तो मोर बंद करा. मोर वाईट आहे म्हणून नाही हो, पण त्यात मुलाने ठरवायचं काही शिल्लकच राहत नाही. आकार छापखान्याने ठरवला, रंग तुम्ही ठरवलात कारण मोर निळाच असतो, तुकडा कुठे जाणार ते रेषेने ठरवलं, मग मुलाकडे उरली ती फक्त चिकटवण्याची मजुरी, आणि मजुरी कोणीही पटापट उरकतो नाहीतर टाळतो, तुमच्या वर्गात दोन्ही होतंय. कलाशिक्षणात ज्यांचं नाव सगळे घेतात ते व्हिक्टर लोवेनफेल्ड १९४०च्या दशकातच ओरडून सांगत होते की आयत्या बाह्यरेषा भरायला दिल्या की मूल स्वतःच्या रेषेवरचा विश्वास घालवतं आणि 'मला नाही येत, तुम्ही काढून द्या' म्हणायला लागतं. आपल्याकडे पहिलीत आलेली कितीतरी मुलं हेच वाक्य बोलतात, तुम्हीही ऐकलं असेल. बोटांना व्यायाम म्हणून आठवड्यातून कधीतरी आखलेल्या जागेत तुकडे भरा, माझी ना नाही, फक्त त्याला चित्रकलेचा तास म्हणू नका.

आता माझं मुख्य सांगणं, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. खळ किंवा फेव्हिकॉल तासाच्या सुरुवातीला मुलांसमोर ठेवूच नका. आधी प्रत्येकाला एक पुठ्ठा आणि मधे तुकड्यांचं ताट, बास. पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त मांडायचं, सरकवायचं, काढून टाकायचं, परत मांडायचं. तुकडा डावीकडे ठेवला, नको वाटला, उलटा केला, दुसऱ्याखाली अर्धा लपवला, हे जे चाललेलं असतं ना तेच कोलाज आहे, रचना म्हणतात ती इथेच घडते. वाटी समोर असली की मूल तुकडा उचलतं, बुडवतं, थापतं, संपलं, कारण चिकट वस्तूची ओढ इतकी असते की बाकी कशाचा विचार होतच नाही, त्यात त्याचा काही दोष नाही. आणि एकदा चिकटलं की हलवता येत नाही. हे काही मी शोधलेलं नाही. फ्रेंच चित्रकार मातीस म्हातारपणी आजारपणामुळे उभं राहून रंगवू शकत नव्हता तेव्हा तो रंगवलेले कागद कात्रीने कापायचा आणि त्याच्या मदतनीस ते तुकडे भिंतीला टाचण्यांनी लावायच्या, मग तो सांगेल तसे इकडून तिकडे हलवायच्या, चिकटवायची वेळ फार नंतर यायची. एवढ्या मोठ्या चित्रकाराला हलवून बघावं लागत होतं, आपल्या चिमुरड्यांना तर ती मुभा हवीच हवी.

यात एक व्यवहाराची गोष्ट, पंखा बंद ठेवा. हसू नका, मांडलेलं सगळं एका झुळकीत उडालं की मूल जे रडतं ते त्या दिवशी परत बसत नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करणं शक्य नसेल तर तेवढ्या दिवसांत कागदाऐवजी कापडाचे तुकडे, काड्या, सालपटं असं जरा वजनदार द्या.

साहित्याचं बोलू. पैसे नाहीत ही अडचण मला खरंच अडचण वाटत नाही, उलट दुकानातून आणलेला घोटीव कागद, चमकी, आयते स्टिकर यांनीच कोलाज बेचव होतं कारण सगळ्या तुकड्यांचा पोत एकच, गुळगुळीत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते वाढवलं, तिथे साधनं म्हणून दगड, शिंपले, पानं, बिया असं आसपास मिळणारंच वापरलं जायचं, महागडी माँटेसरी साधनं तिथे परवडणारीही नव्हती आणि गरजेचीही नव्हती. तर शिंप्याला सांगून ठेवा, चिंध्या तो फेकतोच. सुताराकडे रंधा मारताना निघणारी कुरळी सालपटं मिळतात, त्यासारखं सुंदर साहित्य मी दुकानात पाहिलं नाही (धूळ मात्र चाळून काढा आणि बारीक कुसळं लागत नाहीत ना ते आपल्या हातांनी आधी बघा). तालुक्याला छापखाना असेल तर कटिंग मशीनखाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या पोतंभर देतात. लग्नसराई संपली की पत्रिका गोळा करा, त्यांचा जाड कागद आणि मागची कोरी बाजू दोन्ही कामाची, फक्त देवाचं चित्र असेल ते आधी बाजूला काढा, नाहीतर एखाद्या आजी येऊन विचारतात की गणपती फाडायला कोणी शिकवलं. स्वयंपाकघरातून कांद्याची आणि लसणाची सालं, मक्याच्या कणसाची पानं, शेंगांची टरफलं, नारळाची शेंडी. मावशींना सांगून एक खोकं कोपऱ्यात ठेवा, पालक आपोआप आणून टाकतात.

पण हे सगळं एका दिवशी ताटात ओतू नका. एका वेळी तीन प्रकार, फार तर चार, आणि ते एकमेकांपेक्षा वेगळे निवडा, म्हणजे एक खरखरीत, एक मऊ, एक पातळ-पारदर्शक, उदाहरणार्थ गोणपाटाचे तुकडे, जुन्या धोतराचं सुती कापड आणि कांद्याची सालं. रंगही मोजकेच. वीस प्रकार समोर आले की मूल प्रत्येकातलं एकेक उचलून ठेवतं आणि सगळ्यांची कामं परत सारखीच दिसायला लागतात, तीनच असले की मग शोध सुरू होतो. तुमचं खरं काम इथे आहे, आदल्या दिवशी ताट निवडणं. वर्गात मग तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही.

सुरक्षेचं मात्र जरा कडक सांगते. बालवाडीत दाखल मुलं साडेतीनची असली तरी त्यांच्यामागून दीड-दोन वर्षांची धाकटी भावंडं येऊन बसतातच, आणि ती सगळं तोंडात घालतात. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचण्यांमध्ये साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही असा नियम असतो, तोच आपण पाळायचा, म्हणजे बटणं, मणी, चिंचोके हे धाकटी भावंडं नसतील त्याच दिवशी आणि मोठ्या मुलांनाच, तेही मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. डाळी, राजमा, हरभरे चिकटवणं मी घेतच नाही. एक तर ते नाकात-कानात जातात आणि आत ओलीने फुगतात, दुसरं म्हणजे पंधरा दिवसांत त्यात भुंगे होतात नाहीतर उंदीर येऊन चित्र खाऊन जातात, आणि खरं सांगायचं तर ज्या घरात डाळ मोजून शिजते तिथल्या मुलाला ती पुठ्ठ्यावर थापायला लावणं मला बरं वाटत नाही. रानातल्या बियांबाबत तर डोळ्यात तेल घालून बघा. लाल-काळी गुंज दिसायला फार देखणी, मुलं हमखास आणतात, पण ती विषारी आहे, चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडीच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, जिच्याशी आपण लहानपणी खेळलो, त्याही तशाच. या तिन्ही खोक्यात येऊ देऊ नका. थर्माकोलही नको, त्याचे दाणे सुटून नाकात जातात, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदीही आहे.

चिकटवायला रोजच्या कामासाठी घरची खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, दुसरीकडे तीन वाट्या पाण्याला उकळी आणायची, त्यात हे मिश्रण धार धरून सोडायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, दुधाळ रंग जाऊन जरा चकाकी आली की उतरवायची. गार झाल्यावर घट्ट होते म्हणून थोडी पातळच ठेवा. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर एखादा दिवस जास्त टिकते, पावसाळ्यात मात्र रोज ताजी करा, दुसऱ्या दिवशी आंबट वास आला की फेकून द्या. वह्या-पुस्तकं बांधणारे लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, कोणी तसं सुचवलं तर अजिबात ऐकू नका, मोरचूद विष आहे आणि तुमची मुलं खळ चाटणारच, त्यांना ती चवीला आवडते. वाट्या करवंटीच्या घ्या, त्या कलंडत नाहीत असं नाही पण कलंडल्या तरी दोन चमचेच सांडतं. ब्रश नको, बोट. आणि प्रत्येक दोन मुलांमधे एक ओलं फडकं आधीच ठेवलेलं, नाहीतर दर मिनिटाला कोणीतरी हात धुवायला उठतं आणि नळावरच वर्ग भरतो.

कुठली वस्तू कशाने चिकटते हे मुलांना सांगू नका, त्यांना कळू द्या, पण तुम्हाला माहीत हवं. खळीने कागद, पातळ सुती कापड, कांद्याची सालं छान बसतात. सुतळी, गोणपाट, लाकडाची सालपटं यांना फेव्हिकॉलच लागतो, त्यात थोडं पाणी घातलं तरी चालतं. प्लास्टिकची झाकणं दोन्हींनी निघून येतात. ओलं पान चिकटवलं तर वाळताना गुंडाळतं आणि दुपारपर्यंत खाली पडतं, म्हणून पिंपळाची, सागाची कोवळी पानं रद्दीत घालून वर विटा ठेवून चार-पाच दिवस दाबून ठेवायची. पातळ ड्रॉइंगचा कागद खळीच्या ओलीने प्रसरतो आणि सुकताना आकसून पापडासारखा वळतो, त्यामुळे तळाला खोक्याचा पुठ्ठा बरा, आणि तो जरी वाकत असेल तर मागच्या बाजूने एक वर्तमानपत्राचा कागद खळीने लावून टाका, दोन्हीकडून ओढ सारखी झाली की सपाट राहतो.

आता कात्री. लगेच हातात देऊ नका, आधी फाडणं. बऱ्याच ताईंना फाडणं म्हणजे गबाळेपणा वाटतो, पण लहान मुलाच्या हाताला त्यासारखं काम नाही. कसं ते दाखवा, कागदाच्या कडेला दोन्ही हातांच्या चिमट्या इतक्या जवळ धरायच्या की अंगठ्यांची नखं एकमेकांना लागतील, मग एक हात आपल्याकडे, दुसरा समोर. हात लांब धरले की कागद नुसता ताणला जातो आणि मूल वैतागतं. वर्तमानपत्राचं पान वरून खाली सरळ पट्टीत फाटतं आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, कारण कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. हे मुलांना कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघा, 'ताई हा कागद ऐकतो, आणि असा धरला की ऐकत नाही' असं एकीने मला सांगितलं होतं. कॅलेंडरचा रंगीत गुळगुळीत कागद फाडला तर एका तुकड्याला पांढरी किनार येते आणि दुसऱ्याला येत नाही, हात उलटे केले की किनारही बाजू बदलते. मोठी मुलं मग मुद्दाम पांढरी किनार काढून लाट करतात, ढग करतात.

कात्री साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी नुसती कचाकच कातरण्यासाठी, म्हणजे अरुंद पट्टी द्यायची जी एका घावात तुटेल. चारच्या पुढे सरळ रेषेवर, पाच-सहाला वळणं. अंगठा वरच्या बाजूला राहतो ना तेवढं बघा, आणि वळणावर कात्री न फिरवता कागद फिरवायचा हे हात धरून दाखवा. डावखुऱ्या मुलाला साध्या कात्रीने कागद नुसता दुमडतो, ते मूल ढ नाहीये, कात्रीची पाती उजव्या हातासाठी बसवलेली असतात. शक्य असेल तर एक डाव्या हाताची कात्री आणून ठेवा.

लहान-मोठी मुलं एकत्र आहेत त्याचं काय, तर सगळ्यांना ताट एकच पण काम वेगळं. साडेतीनच्या मुलांकडून चित्र निघेल अशी आशाच ठेवू नका, त्यांच्यासाठी खळ हाच रंग आहे. वाटी उशिरा काढायचं ते मोठ्यांसाठी, या लहानांच्या पुठ्ठ्यावर मात्र तुम्हीच आधी खळ पसरून द्या आणि त्यांना वर कापड, साल दाबत बसू द्या, खळ पसरणं संपलेलं असलं की ती तुकड्यांकडे वळतात. पाच-सहाच्या मुलांना मात्र जोडणीचा प्रश्न द्या. काडी पुठ्ठ्यावर उभी कशी राहील? झाकण चिकटत नाही, मग काय करायचं? भोक पाडून दोऱ्याने बांधणं, खाच करून खोचणं, सुतळीने गुंडाळणं हे सगळं ती स्वतः काढतात, भोक तेवढं तुम्ही दाभणाने पाडून द्या. कागदाच्या कोलाजपेक्षा मिश्र साहित्याचं काम मला म्हणूनच जास्त आवडतं, त्यात वस्तू मुलाला विरोध करते आणि मुलाला युक्ती काढावी लागते. दहा मिनिटांत उरकून पळणारे तुमचे जे चार-पाच जण आहेत ना, ते यात अर्धा-पाऊण तास रमतात.

बोलायचं कसं, हाही भाग आहे. 'हे काय काढलंस?' हा प्रश्न मी टाळते. त्याने काही काढलेलं नसतं कदाचित, आणि मग ते आपल्याला खूश करायला 'मासा' म्हणतं. त्यापेक्षा दिसतं ते बोला, 'हा गोणपाट तू कापडाच्या खाली अर्धा लपवलायस', एवढंच, आणि गप्प बसा. एका बालवाडीत साडेचार वर्षांच्या एका मुलाने लाल कागदाचा मोठा तुकडा मांडला, त्याखाली दोन झाकणं ठेवली, सगळ्यांना कळलं एसटी आहे, तिथली ताई खूश. खळ आल्यावर त्याने ते चिकटवलं आणि लगेच त्यावर वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या लावायला सुरुवात केली, उभ्या, एकाला एक लागून, एसटी दिसेनाशी व्हायला लागली. ताई पुढे होऊन हात धरणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. पट्ट्या संपल्यावर त्याने एक काळा कापडाचा तुकडा घेतला आणि सगळ्यावर पांघरला, कडा दाबल्या, हात पुसले. मी म्हटलं, सगळं झाकलंस. तर म्हणतो, पाऊस आला, मग लाईट गेली. घरी न्यायला त्याच्याकडे एक काळा पुठ्ठा होता, दोन ठिकाणी झाकणांचे उंचवटे. ताईंना वाईट वाटत होतं की चांगली गाडी गेली, पण त्या मुलाच्या डोक्यात संपूर्ण संध्याकाळ होती आणि ती त्याने क्रमाने, थरावर थर लावून सांगितली होती. या वयात बऱ्याच मुलांचं काम असंच असतं, चित्र हे घडत जातं आणि शेवटी समोर उरतं ते फक्त वरचा थर.

म्हणूनच पालकांचा प्रश्न सुटायला एक साधी सवय लावा. प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे तारीख आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, एक ओळ, पेन्सिलने. 'पाऊस आला, मग लाईट गेली.' पालक पुढून बघतात तेव्हा कपाळाला आठ्या पडतात, मागे वाचतात तेव्हा हसतात आणि मग पोराला विचारतात. शिकलं काय असं कोणी अडून विचारलंच तर सांगा की चिमटीत धरून फाडायला शिकला, त्याच बोटांनी उद्या पेन्सिल धरणार आहे, खरखरीत, बोचरं, झिरझिरीत हे शब्द शिकला, खाली-वर, अर्धं-पुरं कळलं, आणि स्वतः ठरवून ठेवलेलं बदलायला शिकला. सुपरवायझर मॅडमना कागदावर हवं असेल तर २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळ, हस्तकला, चित्रकला यांतून शिकणं स्पष्ट लिहिलंय, तेवढा उल्लेख पुरतो.

एक तास नुसत्या हातांचाही घ्या. पिशवीत पाच-सहा प्रकारचे तुकडे, न बघता हात घालून मूल एक निवडतं आणि तो पुठ्ठ्यावर कुठे जाईल ते बोटांनी चाचपून ठरवतं. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५०च्या दशकात पूर्ण गेली, त्यानंतरही त्यांनी कागद कापून कोलाज केली, हाताला आकार कळतो हे मोठ्या माणसांना पटवायला मला हे उदाहरण नेहमी कामाला येतं. मुलांना पटवावं लागत नाही.

आणि वर्षातून एकदा सगळ्यांचं मिळून एक मोठं काम. फ्रिजचं खोकं उलगडून जमिनीवर टाका किंवा जुनी साडी पसरा, आणि गावातल्या गोधडी शिवणाऱ्या एखाद्या आजींना बोलवा. त्यांनी तुकडे कसे जुळवतात ते नुसतं मुलांसमोर करून दाखवायचं, भाषण नको. आज्या कापडाचा तुकडा हातात घेऊन 'हे कुणाच्या शर्टाचं' असं सांगत बसतात ते मुलं कान देऊन ऐकतात. चार-चार मुलांच्या गटाने आळीपाळीने बसवा, वीसच्या वीस एकदम त्या साडीवर गेली तर फक्त ढकलाढकली होते. बाकीची अंगणात मावशींबरोबर पानं गोळा करतील.

पहिल्या आठवड्यात एवढंच करून बघा, सोमवारी नुसतं फाडणं, बुधवारी पुठ्ठ्यावर नुसतं मांडणं आणि तास संपला की सगळं परत ताटात, रडारड होईल, होऊ द्या, शुक्रवारी परत मांडणं आणि शेवटच्या दहा मिनिटांत खळ. सुकायला ठेवताना खिडकीजवळ दोरी बांधून चिमट्यांना लावू नका, ओल्या पुठ्ठ्यावरून सगळं खाली घसरतं, आडवंच ठेवा, जमिनीवर, एका रात्रीसाठी. आणि मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की त्या कोपऱ्यात सकाळी झाडू मारायचा नाही, कारण तिथे जे पडलेलं असेल ते त्यांना शंभर टक्के कचराच वाटणार आहे.